पायाळू सुनेच्या तीन लाथा

लग्नानंतर चौथ्या वर्षी मी माझ्या सासूला लाथ मारली. कमरेत, बरोबर मधोमध, आणि एक नव्हे, तीन. नुकतं उजाडत होतं. आत्याबाई उंबऱ्यावर चौकट धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, बाजूला उभा राहून मला ‘जरा वर, जरा वर’ असं सांगत होता.

हे वाचून कुणी मला शूर समजू नये. लाथ त्यांनी स्वतः मागून घेतली होती. मी पायाळू. जन्मताना माझं डोकं आधी यायचं ते पाय आधी आले. आमच्याकडं कमरेत उसण भरली, चमक निघून माणूस वाकडा झाला, की त्याला पायाळू माणसाची लाथ लागत असे. माझं माहेर शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याला. बाजाराच्या दिवशी कंबर धरून आलेली दोन-तीन माणसं आमच्या ओट्यावर ठरलेली. मी आठ-नऊ वर्षांची असेन, पण भल्याभल्या मिशाळ माणसांच्या पाठीला डावा पाय लावायचा मान माझा. लोक नारळ ठेवायचे आणि ‘पोरीच्या पायाला गुण हाय’ म्हणायचे. डोक्याबद्दल कुणीच काही म्हणत नसे, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पायाळूवर वीज पडते असंही म्हणत. त्यामुळं आभाळ गडगडलं की वाळत घातलेल्या गोवऱ्या आत आणायला मला कुणी पाठवत नसे. त्या एका समजुतीवर मी किती कामं चुकवली त्याला सुमार नाही.

तर असा गुणी पाय घेऊन मी दौंड तालुक्यात सासरी आले. वरवंडपासून कोसभर आत मळ्यात घर. एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. मामंजी माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आत्याबाई, हे, मी आणि माझी दीड वर्षाची मुलगी. आत्याबाई उंच, हाडापेरानं दणकट. बुजलेल्या बैलाला शिंगाला धरून थांबवायच्या. माझ्या भाकरीला मात्र त्यांनी चार वर्षांत एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी ज्वारीच्या काढणीपासून त्यांची कंबर धरली. संध्याकाळ झाली की अंग कोमट लागायचं, जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, लुगडं सैल होऊ लागलं. आम्ही हे सगळं बघितलं आणि काहीच बघितलं नाही. मी तर मनातून खूश होते. जेवत कमी होत्या, तशा बोलतही कमी होत्या. कंबर दुखते म्हणून ह्यांनी वरवंडच्या पिंजाऱ्याकडून मुद्दाम नवी गादी भरून आणली. तरी दुखायचं थांबेना, तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, “घरात पायाळू ठेवून मी वाकडी का हिंडू?”

पहिल्या दोन लाथा मी नुसत्या टेकवल्या. तिसरीच्या वेळी मला आदल्या दिवशीची भाकरी आठवली. पाहुण्यांच्या पुढ्यात त्यांनी ती ताटातून उचलून ‘ही भाकर हाय का ढाल?’ असं विचारलं होतं. ते सगळं माझ्या डाव्या पायात उतरलं. चार वर्षांचं बाकी होतं तेही उतरलं.

आत्याबाई ‘आई गं’ म्हणाल्या, चौकट धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग ताठ झाल्या. “गेली बघ उसण,” म्हणाल्या. “पायाला गुण हाय पोरीच्या.” त्यांच्या तोंडून निघालेला पहिला चांगला शब्द तो. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

आठवड्याभरात त्या त्याच उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचल्या. पाय कापसासारखे लागतात म्हणाल्या. “माजं न्हाईतच, दुसऱ्या कुणाचं तरी लावल्यागत वाटतंय.” आणि मग एका सकाळी गादी ओली निघाली.

“तांब्या लवंडला,” आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही तांब्या लवंडला. तिसऱ्या दिवशीही. तांब्या असायचा उशाशी आणि ओल कमरेखाली, हे मला दिसत होतं. वासही कळत होता. माणुसकी असती तर मी विचारलं असतं. मी काय केलं, तर पाचव्या दिवशी उशाचा तांब्या गुपचूप उचलून चुलीपाशी नेऊन ठेवला. सकाळी गादी ओली. आत्याबाई सवयीनं म्हणाल्या, “तांब्या...” आणि त्यांनी उशाशी बघितलं. तिथं काहीच नव्हतं. मला वाटलं मी जिंकले. काय जिंकले ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांचा नुसता विचार केला तरी मला स्वतःचा संताप येतो. सकाळी वाटायचं, ही बाई मला छळायला मुद्दाम करते. दुपारी वाटायचं, माझ्या तिसऱ्या लाथेनं हिच्यात काहीतरी मोडलं. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं, पण मला दोन्ही पटायचं. ह्यांना सांगायचं कसं? आईच्या लघवीबद्दल मुलाशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. आणि बोलले असते तर लाथेचा विषय निघाला असता. म्हणून मी गप्प, त्या गप्प, आणि गादी, वाकळ, लुगडी रोज कालव्यावर.

कालव्यावर बायका विचारायच्या, रोज कसलं गं एवढं धुणं? मी सगळं माझ्या मुलीवर ढकललं. “लई मुतती ओ.” त्यावर एकीनं तीळगूळ चारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती विचारणार म्हणून मी खरंच चारला. माझी पोर बिचारी कोरडी ठणठणीत, आणि महिनाभर तीळगूळ खात होती.

अक्कल एवढ्यावर थांबती तर बरं होतं. पाणीच कमी प्यायल्या तर येईल कुठून, असा मी हिशोब काढला. दिवस कलला की आत्याबाईंचं पाणी बंद. चहा अर्धी बशी. त्यानं लघवी थांबली नाही, उग्र मात्र झाली, आणि पोट घट्ट बसलं. चार-चार दिवस परसाकडं व्हायचं नाही, आणि मग एक दिवस त्यांना न कळता व्हायचं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी नाकाला पदर लावून म्हणायचे, “आत्याबाई, येवढं तरी सांगावं की.” त्या भिंतीकडं तोंड करायच्या. ज्या बाईच्या आवाजानं बैल थांबायचा, ती मला उलट बोलत नव्हती, ह्याचंही मला त्या वेळी बरंच वाटत होतं.

चालताना पाय फारच ओढायला लागल्या, तेव्हा ह्यांनी दौंडच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. ह्यांचं पाण्याचं बारं, म्हणजे कालव्याचं पाणी धरायची पाळी होती, म्हणून मीच घेऊन गेले. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब दिला नाही. एस.टी.त आणि दवाखान्यातही त्यांच्या खाली पोत्याची घडी घातली. कुणी विचारलंच तर बाक टोचतो म्हणून सांगायचं, एवढी तयारी.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी रबराच्या लहान हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं, तळपायाला किल्लीचं टोक ओढलं, काहीतरी लिहिलं. मग आत्याबाईंकडं बघून विचारलं, “बाई, लघवी-संडास लागलेली कळते का? थांबवता येते?”

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं होतं त्यांनी.

“त्येचं काय न्हाई, डाक्टर,” मी म्हणाले. “समदं येवस्थित हाय.”

“पडल्या होत्या का कुठं? मार लागला?”

“न्हाई.”

आत्याबाईंनी पदर सारखा केला. डॉक्टरांनी चोळायला तेल आणि गोळ्या दिल्या. “आठ दिवस विश्रांती,” म्हणाले. “पण एक ध्यानात ठेवा. लघवीचं जरा जरी वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी घेऊन यायचं. दुसऱ्या दिवशी नाही.”

मी मान हलवली. मी मान हलवत होते तेव्हा बाकावरची पोत्याची घडी ओली होत होती.

परतीच्या वाटेवर त्या वरवंडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, परक्या पुरुषापुढं सुनेनं अब्रू राखली म्हणून मनातून आशीर्वाद देत असतील. मी उरलेल्या वाटेत स्वतःवर खूश होते.

असेच तीन आठवडे गेले. तेल चोळून झालं, गोळ्या संपल्या. आता त्या भिंत धरूनही उभ्या राहीनात. गादीचे गोळे झाले, म्हणून मी ती पिंजून द्यायला चाचीला बोलावलं. चाची म्हणजे पिंजाऱ्याची बायको. त्यांची बरीच वर्षं गावात गेली होती आणि अख्ख्या वरवंडात त्यांनी न उसवलेली गादी नसेल. अंगणात बसून त्यांनी शिवण उसवली, आत हात घातला आणि थांबल्या.

“ही आमीच भरलेली ना? ह्याच साली?”

“व्हय, चाची. पोरगी लई मुतती.”

“केवढी हाय पोरगी?”

“दीड वर्साची.”

“दीड वर्साची पोरगी हाय का म्हस बांधलीस हिच्यावर?”

मी काहीतरी पुटपुटले.

“अगं, आयुष्य गेलं कापसात,” चाची म्हणाल्या. “लेकराचं वर वरच राहतंय. ह्ये तळाला गेलंय, पार खोळीपातूर. सासूचं हाय न्हवं?”

त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की मला रडू फुटलं. मग सगळंच सांगितलं. तांब्या, पाणी, पोत्याची घडी, डॉक्टर, आणि शेवटी तिसरी लाथ. चाची लाथेवर हसल्या.

“तुज्या लाथंनं मणकं मोडाय लागलं तर सरकार तुला धरणावर दगड फोडाय नेल की. आन् मुद्दाम करती म्हणतीस? मग येक दिवस तू दाव मुद्दाम करून. सोताच्या गादीत, सोताच्या लुगड्यात. बघू जमतंय का.” मग त्यांनी कापसाचे हात झटकले. “उद्याच्या पयल्या गाडीनं न्हे तिला. नवऱ्याला मी सांगते, तुला तोंड नसंल तर.”

त्यांनी सांगितलंही. आमचे हे पहाटे नुसते बैलगाडी जुंपायला गेले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी सगळं ओकले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आत्याबाईंना कुशीवर घेतलं, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवत खाली आले आणि एका जागी थांबले. माझा हात धरून माझं बोट तिथं ठेवलं. सुपारीएवढा उंचवटा होता. त्याच पाठीवर मी पाय ठेवला होता, आणि रोज तेलही तिथंच चोळत होते.

“संध्याकाळी ताप येतो? जेवण कमी झालंय? अंग उतरलंय?”

प्रत्येकाला हो. मणक्याचा क्षय असावा, असं ते म्हणाले. आतलं हाड खराब झालं होतं आणि त्याचा दाब पाठीतल्या नसांवर आला होता. पाय आणि लघवीचा ताबा त्यानंच गेला होता.

“मंजी माज्या लाथंनं न्हाई?” मी विचारलं.

“लाथेनं क्षय होत नाही. पण दुखऱ्या पाठीवर लाथ मारू नये हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो?” मग म्हणाले, “आणि मागच्या वेळी मी काय विचारलं होतं?”

“लघवीचं.”

“मग?”

मी आत्याबाईंचं लुगडं सारखं करत राहिले.

तिथून पुण्याचा मोठा दवाखाना. मानेपासून मांड्यांपर्यंत अर्ध्या होडीसारखं प्लास्टर करून त्यात आत्याबाईंना उताणं निजवलं. रोज इंजेक्शन आणि कडू पुड्या, तेही महिनोन्‌महिने. तिथले डॉक्टर म्हणाले, पाय बहुतेक येतील. लघवीचा ताबा येईल की नाही ते आज कुणीच सांगू शकणार नाही. “आधी आणलं असतं तर...” एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. घरी पाठवताना मला बजावलं, दर तीन तासांनी भांडं द्यायचं, लागो न लागो, आणि पाणी भरपूर पाजायचं.

पाण्याचं ऐकताना मी खाली बघत होते.

तीन तास मोजायला आमच्याकडं घड्याळ नव्हतं. मग मी रेल्वे धरली. पाटसच्या बाजूनं गाडीची शिट्टी मळ्यात ऐकू यायची. सकाळची गाडी, दुपारची, दिवेलागणीची, असं बसवलं. शिट्टी झाली की हातातलं काम टाकून भांडं. मधेच मालगाडी यायची आणि सगळं चुकायचं.

“आत्ता तर गेली गाडी,” आत्याबाई करवादायच्या.

“ही दुसरी.”

“ही मालगाडी हाय. कोळशाच्या गाडीवर मुतू का मी?”

प्लास्टरमध्ये पडल्यापासून त्यांची जीभ परत आली होती. भांडं थंड आहे. उन्हात ठेवलं तर चटका बसतो. प्लास्टरच्या आत खाज सुटली की तुरीची काडी घालून मी खाजवायचं, आणि त्या म्हणायच्या, “जरा वर, जरा वर.” लेकाचा शब्द आईकडून ऐकताना मला दर वेळी ओशाळं व्हायचं. धुणं तसंच होतं. भांडं द्यावं तर कोरडं, काढून घ्यावं तर पाठोपाठ ओल. मी चिडायचे. आजारी माणसाची सेवा गोड मानून करतात असं ऐकलं होतं. मी केली, पण गोड मानून नाही. दात आवळून केली. वरवंडहून कंपाउंडर सायकलीवर इंजेक्शन द्यायला यायचा. त्याच्यापुढं आम्ही दोघी इतक्या भांडायचो की तो सुई टोचून बाहेर पळायचा.

दिवाळीत आत्याबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. ह्यांनी गावात पेढे वाटले. चाची बघायला आल्या, अंगठ्याला हात लावून ‘अल्ला मेहेरबान’ म्हणाल्या. आत्याबाई आढ्याकडं बघत होत्या.

“अंगठा हालून काय करू?” म्हणाल्या. “अंगठ्यानं मुतायचंय का मला?”

सगळे हसले. मी नाही हसले. त्यांना चालण्याची फिकीर नव्हतीच. आयुष्यभर दुसऱ्याचं ओढणारी बाई, तिला सुनेच्या हातात आपलं मलमूत्र द्यायचं नव्हतं. तेही माझ्यासारख्या सुनेच्या, जिनं तांब्या लपवला होता.

त्यानंतर दोन महिने गेले असतील. दुपारी मी दारात ज्वारी पाखडत होते. आतून हाक आली.

“भांडं आण.”

“अजून शिट्टी न्हाई झाली, आत्याबाई.”

“भांडं आण म्हणते.”

“अवो, दुपारची गाडी जायचीच हाय...”

“गाडी गेली खड्ड्यात. लागलीया मला.”

मी सूप टाकून उठले. ज्वारी अंगणभर झाली, कोंबड्या धावल्या. भांडं कोनाड्यात होतं ते हाताला लागेना, मग लागलं, मग खाली पडलं. आत्याबाई दात आवळून, डोळे मिटून पडल्या होत्या, आणि थांबवून धरत होत्या. भांडं सरकवलं तेव्हा अंथरूण कोरडं होतं. मग पत्र्यावर धार वाजली. आम्ही दोघी ती ऐकत होतो. संपली, तरी ऐकत होतो.

मग कुठून सुचलं कोण जाणे, भांडं हातात धरून मी म्हणाले, “आत्याबाई, तिसरी लाथ मी रागानं मारली व्हती.”

त्या माझ्याकडं न बघता, आढ्याकडं बघत बोलल्या. ते बोलणं मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे.

“ते मला तवाच कळलं. तुज्या जागी मी असते तर पयलीच तशी घातली असती. लाथ मी मागून घेतली व्हती, तिचं सोड. पर त्या दिशी डाक्टरनं मला इचारलं व्हतं, तुला न्हाई. माजं तोंड उघडलं व्हतं, आन् तू ‘काय न्हाई’ म्हणून मोकळी झालीस. मग चार लोकांत सुनंला खोटी पाडू का मी? आता हितनं म्होरं माज्या मुताचं मी बोलीन. जा, भांडं रिकामं कर.”